दोष कोरफडीचा नव्हता

त्या उन्हाळ्यात आमच्या शिबिरातल्या चार मुलांच्या अंगावर फोड आले, ते कोरफडीनं आले नव्हते. लिंबानं आले होते, आणि लिंबं मी आणली होती. हे मला तेव्हाच कळलं होतं. पण मी बोललो नाही, आणि ज्या बाईनं त्या मुलांना तीन उन्हाळे जिवापाड जपलं तिच्यावर आळ गेला. त्या आळापायी तिची हातातोंडाशी आलेली नोकरी गेली. मला आता शहात्तरावं चालू आहे. गावातल्या नव्या लोकांना यातलं काही ठाऊक नाही आणि जुन्यांना चुकीचं ठाऊक आहे. म्हणून जसं घडलं तसं लिहितो.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. इंदापूर तालुक्यात कळसच्या पलीकडं एका गावात मी प्राथमिक शाळेवर होतो. माझं घर बारामती तालुक्यात, पणदऱ्याला. सोमवारी पहाटेच्या एसटीनं यायचं, आठवडाभर शाळेजवळच्या खोलीत राहायचं, शनिवारी परत. मे महिन्यात मात्र गावात माझं काही काम नसे. मुलांनाही नसे, आणि तीच अडचण होती. आईबाप सकाळी रानात जायचे, पोरं कालव्यावर. एका वर्षी दुसरीतला एक मुलगा कालव्याच्या पाण्यात वाहत निघाला आणि म्हशी धुणाऱ्या एका बाईनं त्याला चड्डीला धरून वर काढला. त्यानंतर मुख्याध्यापक आणि मी ठरवलं, की सुट्टीत पंधरा दिवस मुलांना शाळेच्या आवारातच गुंतवून ठेवायचं. सकाळी सातला यायचं, दुपारी एकला घरी. रानातली माणसं त्याच सुमाराला जेवायला परततात, म्हणून एक. लेझीम, खो-खो, कागदकाम, गाणी, गोष्टी. त्याला आम्ही 'उन्हाळी शिबिर' असं भारदस्त नाव दिलं.

साठेक मुलं यायची. निम्मी गावातली, उरलेली वस्त्यांवरची, आणि दहा-बारा मामाकडं सुट्टीला आलेली पुण्याची. आमच्याकडचं मे महिन्यातलं ऊन काय असतं हे लिहून सांगणं अवघड आहे. दहा वाजता हातपंपाच्या दांड्याला हात लावला की चटका बसायचा. गावची पोरं उन्हाला सरावलेली, पण त्यांचेही घोळणे फुटायचे. पुण्याच्या मुलांची दोन दिवसांत मान लाल व्हायची आणि पाचव्या दिवशी तिथली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी निघायची. माझा उपाय म्हणजे शिट्टी. शिट्टी वाजवली की सगळ्यांनी सावलीत पळायचं. ऊस तुटून गेलेल्या रानातून पाचट आणून आम्ही आवारात एक मांडव घातला होता, तीच आमची सावली. शिट्टी वाजायची, पोरं मांडवात पळायची, आणि मी पाठ फिरवली की पुन्हा उन्हात.

पाणी भरायला आणि ताक करायला एक बाई आम्ही बोलावली होती. बौद्धवस्तीत तिचं घर. नवरा गवंडी, एक मुलगा, सातवीपर्यंत शाळा झालेली. तिशी ओलांडली नसेल, पण मुलांनी पहिल्याच दिवशी तिची मावशी केली आणि मग आम्हीही मावशीच म्हणू लागलो. तीन दिवस तिनं माझी शिट्टी पाहिली. चौथ्या दिवशी म्हणाली, "गुरुजी, तुमच्या शिट्टीला पोरं भित्यात. ऊन भीत न्हाय."

"मग काय करायचं?"

"उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी ती बादलीत कोरफडीची पानं घेऊन आली. तिच्या घराच्या बांधाला कोरफडीची रांगच होती. पानं तिनं आदल्या संध्याकाळी कापून, कापलेली बाजू खाली करून बादलीत उभी ठेवली होती. रात्रभरात पानांतला पिवळा चीक तळाला गळून येतो. सकाळी तो ओतून टाकायचा, पानं दोनदा धुवायची आणि मग मधला पांढरा गर काढायचा. मी विचारलं, एवढं कशाला? ती म्हणाली, "पिवळं खाजतं. लेकराच्या कातडीला पिवळं लागू द्याचं न्हाय." ही तिची पद्धत तिन्ही वर्षं मी रोज माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

अकरा वाजता लेझीम संपली की मुलं मांडवात रांग लावायची. मावशी एकेकाचा कान धरायची, आधी कानामागं, मग मानेवर, मग नाकाच्या शेंड्यावर गर लावायची. कानापासून का, तर टोपी घातली तरी कान बाहेरच राहतात म्हणून. गर बुळबुळीत, थंड. पहिल्या दिवशी पुण्याचा एक मुलगा ओरडला, "मावशी शेंबूड लावते." सगळा मांडव हसला. मावशी शांतपणे म्हणाली, "व्हय, शेंबूडच हाय. माझ्या म्हशीचा. औंदा तिला लई सर्दी झाली, म्हणून बादलीभर घावला. ये, तुला जास्त लावते." त्या मुलाला तिनं खरोखर जास्त लावला. पुढच्या वर्षी तो मामाकडं आला तो पिशवी ठेवून थेट मावशीच्या घरी गेला, शेंबूड मागायला.

तिचे आणखीही नियम होते. टोपी भिजवून पिळून घालायची, कोरडी नाही. ताक पिताना उभं राहायचं नाही. डोक्यावर टॉवेल घेतला तर त्याचं टोक मानेवर आलं पाहिजे. कागदकामाच्या तासाला मी मुलांना वर्तमानपत्राची होडी शिकवत होतो. तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, "होडी कुठं चालवणार, गुरुजी? बादलीत? टोप्या शिकवा की." तेव्हापासून आमच्या कागदकामात फक्त टोप्या झाल्या. काठ एवढा रुंद, की छोट्या मुलांचं तोंड दिसायचं नाही. रांगेत ती कागदी टोप्यांची गर्दी पाहिली की मला फार गंमत वाटायची.

एक गोष्ट मात्र लिहिलीच पाहिजे. पहिल्या वर्षी चार-पाच घरांतून मुलं पाण्याच्या बाटल्या घेऊन यायची. मांडवात भरलेले दोन माठ असताना बाटल्या का, हे कुणी बोललं नाही आणि मीही विचारलं नाही. मावशीला कळत होतं. तिनं त्या मुलांनाही कान धरून गर लावला आणि मुलांनी लावून घेतला. घरी गेल्यावर मानेची आग थांबली. दुसऱ्या वर्षी बाटल्या आल्या नाहीत. उलट त्याच घरांतल्या बायका मुलांबरोबर रिकामी वाटी देऊ लागल्या: मावशीला म्हणावं, घरी लावायला थोडा गर दे. तिनं ही गोष्ट कुणाला भाषण न देता मिळवली होती. पुढं काय गेलं ते कळायला हे आधी कळायला हवं.

तिसऱ्या वर्षी गावात अंगणवाडी मंजूर झाली. जूनपासून सुरू होणार होती. सेविका ठरली होती, मदतनिसाची जागा भरायची होती आणि त्याला पंचायतीची शिफारस लागायची. मावशीनं अर्ज करायचं ठरवलं. अर्ज मी लिहून देतो म्हणालो तर ऐकेना. तीन वेळा स्वतः लिहिला, माझ्याकडून वेलांट्या तपासून घेतल्या आणि चौथ्यांदा चांगल्या कागदावर उतरवला. आणखी एका बाईचा अर्ज होता, पण शिबिर सगळ्या गावानं पाहिलं होतं, त्यामुळं मावशीचं नक्की असंच सगळे धरून चालले होते. ताक घुसळताना ती लहानांना सांगायची, "जूनमदी तुमची बारकी भावंडं माझ्याकडं येणार. मग तुमचं लाड बंद." त्या दिवसांत ती इतक्या आनंदात असायची, की पोरांना ताकाचा दुसरा पेला न मागता मिळायचा.

आता लिंबं.

पणदऱ्याला भावाच्या उसाच्या बांधाला लिंबाची झाडं होती. त्या वर्षी लिंबू बेसुमार आलं होतं. शिबिराच्या शेवटच्या आठवड्यात मी एक पोतं एसटीच्या टपावर टाकून आणलं. रोज सरबत. साठ मुलांचं सरबत म्हणजे सालींनी टोपली भरायची. त्यातच समारोपाला तालुक्याहून साहेब येणार असं कळलं, फोटोवालाही सांगितला. मी मुलांकडं पाहिलं. आठ-दहा दिवसांच्या उन्हानं सगळी करपल्यासारखी दिसत होती. माझ्या मनात आलं, फोटोत ही अशी काळवंडलेली दिसणार, आणि साहेब म्हणणार गुरुजींनी पोरं उन्हात तळली. माझी आई आम्हाला लहानपणी आंघोळीला लिंबाची साल चोळायची. त्यानं रंग उजळतो, ऊन उतरतं, असं ती म्हणायची. ते मला आठवलं आणि मी खूष झालो. फुकटच्या साली आणि केवढा उपयोग.

कवायतीच्या शिक्षकाला कुठल्याही गोष्टीची कवायत करता येते. मी मुलांना ओळीत उभं केलं, प्रत्येकाच्या हातात दोन-दोन साली दिल्या. एक म्हटलं की कपाळ, दोन म्हटलं की मान, तीनला उजवा हात, चारला डावा. शिट्टीवर चोळायचं, शिट्टीवर थांबायचं. मुलांना भलतीच मजा आली. मावशी माठाशी उभी होती. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "गुरुजी, आंघुळीला लावून धुतलं तर ठीक. हे लावून पुन्हा उन्हात नगा सोडू. लिंबू झोंबतं."

मी मुलांसमोर हसून म्हणालो, "का हो मावशी, तुमचं कोरफडीचं दुकान बसेल म्हणून?"

पोरं हसली. तीही थोडी हसली आणि माठाकडं परत गेली. लिंबाचा रस अंगावर तसाच ठेवून मी मुलांना समारोपाची लेझीम बसवायला मैदानात नेलं. दहा ते साडेअकरा. असं लागोपाठ दोन दिवस केलं.

तिसऱ्या दिवशी चार मुलांच्या अंगावर फोड आले. मानेवर, दंडावर, मनगटावर. पाण्यानं भरलेले, भाजल्यासारखे. साठातल्या चारच मुलांना का, हे मला नंतर उमगलं. बाकीच्यांनी साली चोळल्यासारखं केलं होतं, काहींनी चावून फेकल्या होत्या, काही घरी जाऊन कालव्यात डुंबली होती. ज्या चौघांनी माझं सगळ्यात नीट ऐकलं, त्यांनाच फोड आले.

त्यात एक तिसरीतली मुलगी होती, आठ वर्षांची. शहाणी, शांत, एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं न लागणारी. तिचे वडील पंचायतीचे सदस्य. गाव त्यांना तात्या म्हणायचं. तात्या माझ्या खोलीवर आले. रागावलेले नव्हते, घाबरलेले होते. म्हणाले, "गुरुजी, चला बारामतीला. मला डाक्टरपुढं बोलाय सुचायचं न्हाय."

बारामतीला कातडीचे एक डॉक्टर होते. मुलगी एसटीत माझ्या मांडीवर हात पुढं धरून बसली होती, कुठं घासू नयेत म्हणून. दवाखान्यात तात्या केसपेपर करायला खिडकीपाशी थांबले आणि आम्हा दोघांना आत घेतलं. मुलगी माझ्या खांद्यावर डोकं टाकून निजली होती. डॉक्टरांनी तिचा हात उलटसुलट पाहिला. फोड ठिपक्यांसारखे नव्हते, बोटं ओढल्यासारखे पट्टे होते. त्यांनी विचारलं, "हिच्या अंगाला लिंबू लागलं होतं का? किंवा साल?"

मी म्हणालो, "हो."

"आणि मग ऊन?"

"हो."

ते म्हणाले, "मग तेच. सालीतला रस कातडीवर असताना ऊन लागलं, की काही जणांना असं भाजतं. काळजी करू नका, फोड जातील. काळे डाग दोन-तीन महिने राहतील, तेही जातील." मी विचारलं, कोरफडीनं असं होतं का? "कोरफडीचा काय संबंध?" असं म्हणून त्यांनी मलम लिहून दिलं.

बाहेर तात्या उभे होते. "काय म्हणलं डाक्टर?"

मी म्हणालो, "उन्हानं झालंय. मलम दिलंय. जाईल."

हे खोटं नव्हतं. म्हणूनच ते मला इतकी वर्षं पुरलं. उन्हानं झालं हे खरंच होतं, फक्त ऊन कशावर पडलं ते मी गिळलं. मी तेव्हा असं ठरवलं, की एवढं सांगितलं की विषय मिटेल. फोड जातील, लोक विसरतील. घराजवळ मागितलेली माझी बदली अडकेल, साहेबांकडं तक्रार जाईल, असंही मनात आलं. आलं होतं, ते नाकारत नाही.

विषय मिटला नाही. गावात लोकांनी आपापसांत ठरवून टाकलं. मुलांच्या अंगाला काय लावत होते? कोरफड. कोण लावत होतं? मावशी. मी लिंबाची कवायत घेतली होती हे घराघरात मुलांनी सांगितलं होतं, पण लिंबावर कुणी संशय घेईना. लिंबू घरात असतं, लिंबू ताटात असतं, आणि शिवाय ते गुरुजींनी दिलेलं. कोरफड बांधावरची, आणि ती कुणाच्या बांधावरची हेही सगळ्यांना माहीत होतं. दोन वर्षं वाट्या पाठवणाऱ्या बायका म्हणू लागल्या, आम्हाला आधीच वाटलं होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पंचायतीत मदतनिसाचा विषय निघाला. शिक्षक म्हणून मलाही बोलावलं होतं. दोन अर्ज समोर होते. मावशीचा अर्ज वर होता, तिच्या हाताच्या अक्षरातला. तात्या म्हणाले, "लेकरांच्या अंगाला कायबाय चोपडणारी बाई. माझ्या पोरीचं हात बघा. हिच्या ताब्यात गावची बारकी लेकरं द्याची का?"

 सरपंचांनी माझ्याकडं पाहिलं. "गुरुजी, तीन वर्सं तुमच्या हाताखाली हुती. तुमचं काय म्हणणं?"

मी म्हणालो, "मुलांची काळजी घेते ती. बाकी तुम्ही बघा."

जागा दुसऱ्या बाईला मिळाली. ती बाईही चांगली होती, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मावशी त्यानंतर शाळेत आली ती आपल्या मुलाचा दाखला घ्यायला. माझ्याकडं पाहून म्हणाली, "बरं हाय न्हवं, गुरुजी?" मी म्हणालो, बरं आहे. पुढच्या मे महिन्यात आम्ही मावशीशिवाय शिबिर घेतलं. माठ भरायला एक गडी ठेवला. पोरं मांडवात बसेनात, टोप्या कोरड्याच राहिल्या, आणि आठव्या दिवशी शिबिर गुंडाळावं लागलं. वर्षभरात मी बारामती तालुक्यात बदली करून घेतली.

तीस वर्षं होत आली. गेल्या मे महिन्यात माझी नात पुण्याच्या कुठल्याशा शिबिराला जाणार होती. तिच्या आईनं सामानाची यादी वाचून दाखवली: रुंद काठाची टोपी, पाण्याची बाटली, सनस्क्रीनची ट्यूब. नातीनं मला विचारलं, "आजोबा, तुमच्या शिबिरात काय लावायचे?" मी सांगू लागलो. कान धरून लावायची म्हटल्यावर ती हसली, म्हशीच्या सर्दीवर तर लोळलीच. "मग ती मावशी आता कुठंय?" तिनं विचारलं. मला माहीत नव्हतं. चार दिवसांनी मी एसटीत बसलो.

मावशी त्याच घरात होती. पत्र्याच्या जागी स्लॅब आला होता. मुलगा इंदापूरला नोकरीला, सून घरात. केस पांढरे, पण बसणं तसंच ताठ. सुनेनं चहा दिला. मी वाटेत सगळं मनाशी जुळवून आणलं होतं, ते सांगून टाकलं. डॉक्टर काय म्हणाले, मी काय गिळलं, पंचायतीत काय बोललो.  माझं संपल्यावर म्हणाली, "ठावं हाय."

"काय ठाऊक आहे?"

"लिंबाचं. तात्याच्या पोरीनं तवाच सांगितलं. ती निजली नव्हती, गुरुजी. डोळं मिटून पडली हुती. डाक्टर बोलला ते सगळं तिनं ऐकलं. फोड वाळल्यावर माझ्याकडं आली आन म्हणाली, मावशी, मी आमच्या तात्यास्नी सांगू का?"

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. "मग?"

"मी म्हणलं, नगं. गुरुजी सांगतील."

 मी विचारलं, "मी सांगितलं नाही. त्यानंतर तरी तुम्ही का बोलला नाहीत?"

"आठ वर्साचं लेकरू आपल्या बापाच्या समोर हुबं करू? भर पंचायतीत? बाप म्हणणार पोरगी खोटं बोलती, न्हायतर पोरगी म्हणणार बाप खोटं बोलला. तिला जल्मभर पुरलं असतं ते. नोकरी काय, एक न्हाय तर एक. न्हाय मिळाली, रानातली कामं केली. पोर शिकवलं." मग म्हणाली, "पर वाईट वाटलं, गुरुजी. लई वाईट वाटलं. तुमच्या तोंडाकडं बगत हुते मी, जून लागंपतुर."

मी हात जोडले. ती म्हणाली, "हात खाली घ्या. सून बगती. आन मला सांगून काय उपेग? मला ठावंच हाय. ज्यांच्यापुढं गप बसला तितं सांगा की."

महिनाअखेरीस गावची ग्रामसभा होती. मी त्या गावचा मतदार नाही, पण सरपंचांनी बोलायला परवानगी दिली. आताची सरपंच चाळिशीच्या आतली. ती आमच्या शिबिराची मुलगी निघाली. म्हणाली, "गुरुजी, मी साली चपलीखाली चिरडल्या होत्या. तुम्ही बघितलं नाही." ऐनवेळच्या विषयांत तिनं माझं नाव पुकारलं. मारुतीच्या देवळाच्या ओट्यासमोर ताडपत्र्या टाकलेल्या. पुरुष एकीकडं, बायका एकीकडं. बायकांत मागच्या बाजूला मावशी बसलेली होती. पुढं खुर्चीवर तात्या. ऐंशीच्या पुढं गेलेले, ऐकू जवळजवळ येत नाही. त्यामुळं जे मी तेव्हा हळू आवाजातही बोललो नव्हतो, ते आता ओरडून बोलावं लागलं. रस्त्यावरची माणसं थांबून ऐकू लागली. तरुण मुलं एकमेकांना विचारत होती, कसलं लिंबू, कसली कोरफड. एकानं मोबाईल वर धरला होता. मी सगळं सांगितलं. पिवळा चीक ती रात्रभर गाळायची हेही सांगितलं. तात्यांच्या मुलीनं डॉक्टरांचं बोलणं ऐकलं होतं, हे मात्र सांगितलं नाही. आधी तिला फोन केला होता. ती बारामतीत असते, दोन मुलांची आई आहे. ती म्हणाली होती, "लिहायचं ते लिहा गुरुजी, पण सभेत तात्यांसमोर माझं नाव नको. लिहिलेलं ते गेल्यावर छापा." तात्या श्रावणात गेले. म्हणून आज इथं तेही लिहिलं.

माझं बोलून झाल्यावर तात्या खुर्चीतून अर्धे उठले. कमी ऐकू येणारी माणसं मोठ्यानं बोलतात, तसे बोलले. "म्हंजी मी उगंच बोललो हुतो व्हय?"

"हो, तात्या."

"मला दवाखान्याच्या दारात का न्हाय सांगितलं?"

"भ्यालो."

ते खाली बसले. काठीवर दोन्ही हात ठेवून बायकांच्या बाजूला बघत राहिले. त्यांना मावशी दिसली की नाही, सांगता येत नाही. नजरही आता अधू झालेली.

ग्रामसेवकानं विचारलं, याची नोंद काय घ्यायची? सरपंच म्हणाली, "गुरुजी बोलले तशीच घ्या." त्यानं लिहिलं आणि वाचून दाखवलं: सदर महिलेवर त्या वेळी घेतलेला आक्षेप चुकीचा होता, असे सेवानिवृत्त शिक्षकांनी सभेपुढे सांगितले, सभेने नोंद घेतली. मावशीचं पूर्ण नाव त्यात आहे. इथं मी ते लिहिलेलं नाही, तिनंच नको म्हटलं. पाहायचं असेल त्यानं पंचायतीच्या दप्तरात पाहावं.

मला वाटलं आता मावशी काही बोलेल. ती उठलीही. "झालं का गुरुजींचं?" तिनं सरपंचाला विचारलं. झालं म्हटल्यावर पदर खांद्यावर घेऊन पुढं आली आणि म्हणाली, बौद्धवस्तीच्या नळाला दिवसाआड पाणी येतं, तेही दुपारी बाराला, कडक उन्हात. लेकरं अनवाणी रांगेला हुबी राहत्यात. वेळ सकाळची करा. पाणीपुरवठ्याचा माणूस मोटारीची, विजेची कारणं सांगू लागला. तिनं त्याला एकेक करून उत्तरं दिली. बायकांतून आणखी दोघी उठल्या. तो विषय बराच लांबला, आणि सकाळी सातची वेळ लिहून घेतल्याशिवाय ती खाली बसली नाही. माझी एसटी चुकली. मी ताडपत्रीच्या कडेला बसून सगळं ऐकलं.